पखुर्ड्यांचं पाणी

आमच्या मंडळातली मानपत्रं मी लिहायचो. उपनगरातल्या पक्षी पाहणाऱ्यांचं हे मंडळ जेमतेम चाळीस माणसांचं. पण त्याला मुलुंडला राहणारे एक अध्यक्ष आहेत, दोन उपाध्यक्ष आहेत, कधीच कुठे न येणारे एक मार्गदर्शक आहेत, आणि दर वर्षी कुणाला तरी शाल आणि नारळ दिल्याशिवाय त्याचं वर्ष संपत नाही. पक्षी पाहायला फारसं काही लागत नाही. पक्षी पाहणाऱ्यांना मात्र पुष्कळ लागतं.

मी साकीनाक्याच्या एका छापखान्यात प्रूफं वाचतो. औषधांच्या खोक्यांवरची बारीक अक्षरं, लग्नपत्रिका, लोणच्याची लेबलं. एवढ्यावर मंडळाने मला साहित्यिक ठरवलं होतं. मानपत्राचं तंत्र सोपं आहे. पहिल्या परिच्छेदात निसर्गाचा ध्यास, दुसऱ्यात निःस्वार्थ वृत्ती, तिसऱ्यात पुढच्या पिढ्या. एका वर्षी मी मागच्याच मानपत्रात फक्त नाव बदलून दिलं होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही. सत्कारमूर्तीचे तर डोळे भरून आले.

गेल्या मार्चमध्ये सत्कार माझ्या मित्राचा होता. त्यामुळे या वेळी मी मनापासून लिहिलं. एक वाक्य तर असं लिहिलं की जे दुसऱ्या कुणाच्या मानपत्रात चाललं नसतं: ‘माळरानाचं एखादं गुपित निर्धास्तपणे हाती द्यावं, असा हा माणूस आहे.’ त्या वाक्यामागे एक पाण्याचं डबकं होतं. माझ्या मामाच्या वस्तीबाहेर ते फक्त दोन माणसांना ठाऊक होतं: मला आणि मित्राला. निदान माझी तशी समजूत होती.

हा मित्र दिंडोशीचा. तिथल्याच कोर्टात स्टेनो. वडील गिरणीत होते, मूळ घर मालवणच्या बाजूला. रागावला किंवा फार खूश झाला की त्याच्या तोंडात मालवणी येते. आमची ओळख मानखुर्दच्या मागच्या खाडीत झाली. ओहोटीच्या चिखलात दोघे पाय रुतून उभे होतो आणि दुर्बीण एकट्या माझ्याकडे होती. त्यानंतरची अठरा वर्षं आम्ही रविवार वाटून घेतले. माझी बायको महिनाभर इस्पितळात होती तेव्हा हा रोज दिंडोशीहून घाटकोपरला डबा घेऊन यायचा, आणि डब्याबद्दल कुणी काही बोललं की म्हणायचा, “गप रव. घावणे गार होतत.”

मंडळाची नियमावलीही त्यानेच लिहिलेली. घरटं, ढोली आणि पाणवठा या तीन जागा बाहेर सांगायच्या नाहीत, हा आमचा मूळ नियम. कोर्टातला माणूस असल्यामुळे त्याने तो असा लिहिला होता की ‘सदर ठिकाण कोणत्याही परिस्थितीत, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षरीत्या, अन्य व्यक्तीस उघड करता येणार नाही.’ मी त्यातला ‘सदर’ काढायला सुचवलं होतं. तो म्हणाला, “सदर काढलास तर जामीन मिळतो रे लोकांना.”

आता पखुर्डीबद्दल सांगायला हवं. माळावर राहणारा, कबुतराएवढा, मातीच्या रंगाचा हा पक्षी. इंग्रजांनी त्याला सँडग्राउज म्हटलं. ग्राउज हा त्यांच्याकडच्या थंड, उघड्या माळांवरचा शिकारीचा पक्षी. घरची आठवण यायला लागली की माणूस समोर दिसेल त्याला घरचं नाव देतो. खरं नातं पाहिलं तर पखुर्डी कबुतराच्या जवळची. मुंबईत हे सांगितलं की ऐकणाऱ्याचा उत्साह एकदम मावळतो, म्हणून मी सांगत नाही. दिवसभर ती उघड्या माळावर असते आणि दिसत नाही. झाड लागत नाही, झुडूप लागत नाही. ढेकळांच्या मध्ये बसली की ढेकूळच. फक्त पाणी तिला रोज लागतं. कोरडं बी खाऊन राहणाऱ्याला दुसरा इलाज नसतो. सकाळी ऊन थोडं तापलं की थवे उडत येतात, पाण्यापासून लांब उतरतात, तिथून आखूड पायांनी उतारावरून चालत पाण्यापाशी येतात, चार घोट घेतात आणि जातात. सगळा कार्यक्रम मिनिटभराचा. पिल्लं असतील तर नर पाण्यात पोट टेकवून बसतो, पिसं भिजवून घेतो, आणि ते पाणी मैल दोन मैल उडवत नेतो. पिल्लं त्याच्या पोटाखाली शिरून पिसांतून पाणी ओढून पितात.

हे मी पुस्तकात वाचलं तेव्हा पंचविशी उलटली होती. मामाने मला ते सहाव्या वर्षी सांगितलं होतं, तेव्हा मला ती थाप वाटली होती.

मामाचं गाव घाटावर, पाऊस जिथे येतो न येतो अशा भागात. आमची माणसं तिथून मुंबईला आली. कुणी पालिकेत लागलं, कुणी बँकेत, माझे वडील बेस्टच्या एका बस आगारात. मामा गेला नाही. त्याची पंधरावीस शेरडं आणि गावामागचा माळ. त्या माळावर मुरमाची एक सोडून दिलेली खाण आहे. तिच्यात पावसाचं पाणी साठतं आणि झिरपा असल्यामुळे उन्हाळाभर पुरतं. तिथेच पखुर्ड्या येतात. आणि त्या वस्तीची एक रीत आहे, जी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही: दिवस दोन कासरे वर येऊन पखुर्ड्या पिऊन जाईपर्यंत कुणीही शेरडं त्या पाण्यावर नेत नाही. सगळी जनावरं अलीकडच्या बाभळीखाली अडवून धरतात. तहानलेली शेरडं अडवणं सोपं काम नाही. ती ओरडतात, ढुशा देतात, एखादी निसटते. मामा काठी आडवी धरून उभा राहतो.

“त्यास्नी पोटावर पानी न्याचं असतंय पिलांसाठी,” तो मला म्हणाला होता. “शेरडाचं काय, अर्ध्या तासानं काय मरत न्हाई ते.”

हे कुणी ठरवलं, कधीपासून, त्याला माहीत नव्हतं. त्याचा बाप अडवायचा म्हणून तो अडवतो. या रीतीला कुणी वर्धापनदिन दिलेला नाही, की अध्यक्ष नेमलेला नाही. बहुतेक म्हणूनच ती टिकली.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मी मित्राला तिथे घेऊन गेलो. तोवरच्या सोळा वर्षांत मी त्याला सांगितलेलं नव्हतं. नियम म्हणजे नियम. पण त्या वर्षी त्याचे वडील गेले होते, आणि सांत्वन करायला माझ्याजवळ दुसरं काही चांगलं नव्हतं. आम्ही मामाबरोबर बाभळीखाली पालथे पडून राहिलो. थवा उतरला. एक नर पाण्यात शिरला आणि कोंबडी अंड्यावर बसते तसा बसून डावी-उजवीकडे हलायला लागला. मित्राने माझं मनगट आवळलं.

“मेल्या,” तो कुजबुजला, “भिजयता बघ पोट. भिजयता बघ.”

परत येताना मामीने ताक दिलं. मामा पुढ्यात बसला आणि पहिल्यांदाच मित्राशी थेट बोलला. “पाव्हणं, एक करा. ह्ये तिकडं तुमच्यात कुनाला सांगू नगा. लोकं आली की ही जात्यात. एकदा गेली की पुन्ना त्या पान्यावर येत न्हाईत.”

मित्राने दोन बोटांनी गळ्याला चिमटा घेतला. “आईशप्पथ, मामा. कोर्टात शपथा टाइप करतो रोज. त्यातल्या किती खऱ्या ते मला माहितीये. ही खरी.”

मामाला ते फार आवडलं. नंतर मला म्हणाला, “तुझा दोस्त मानूस हाय.”

तर मार्चमधला तो कार्यक्रम. बोरिवलीचा वातानुकूलित हॉल. समई काही पेटेना, कारण गार हवेचा झोत नेमका वातींवर येत होता. दोन उपाध्यक्षांनी कोट पसरून आडोसा केला तेव्हा एक वात धरली आणि टाळ्या पडल्या. प्रमुख पाहुणे बांधकाम व्यावसायिक होते. त्यांच्या सगळ्या इमारतींना पक्ष्यांची नावं आहेत. ज्याची जागा घेतली त्याचं नाव दारावर लावायचं, ही उपनगरातली श्रद्धांजलीची पद्धत आहे. ते भाषणात सुरुवातीपासून शेवटपर्यंत माळढोकाबद्दल बोलले. माळढोकच का, ते मला कळेना. अध्यक्ष मान डोलवत होते. मला वाटलं, माणसाला माळावरचा एक तरी पक्षी माहीत आहे, चांगलं आहे.

मग मला मानपत्र वाचायला बोलावलं. मी लोकांकडे तोंड करून उभा, पाठीमागे पडदा. पडद्यावर काहीतरी दाखवणार आहेत एवढंच मला सांगितलं होतं. पहिला परिच्छेद झाला. निसर्गाचा ध्यास. दुसऱ्याच्या मध्यावर पुढच्या रांगांतून ‘आहा’ असा आवाज आला. माझ्या वाक्यांना असा आवाज कधी येत नाही, म्हणून मी मागे वळून पाहिलं.

पडद्यावर मामाची खाण होती. पाण्यात पोट टेकवून बसलेला नर, इतका जवळून की पिसावरचा थेंब मोजावा. खाली ठळक अक्षरात पक्ष्याचं नाव, गावाचं नाव, तालुका, ‘मुंबईपासून केवळ सहा तासांवर’, आणि ‘शोध’ या शब्दापुढे माझ्या मित्राचं नाव. पुढचं चित्र नकाशाचं होतं. त्याच्या पुढचं, समूहचित्र. लष्करी रंगाचे कपडे घातलेली वीस-बावीस माणसं, हातात तोफेएवढाल्या लेन्सा. त्यांतली निम्मी त्या क्षणी माझ्यासमोर खुर्च्यांवर बसून टाळ्या वाजवत होती. आणि मधोमध, तसलीच लष्करी रंगाची टोपी डोक्यावर घालून, हसत, माझा मामा.

मी थांबलो. अध्यक्ष हळूच म्हणाले, “सर, पुढे.”

आणि मी पुढे वाचलं. ही गोष्ट सांगताना मी अनेकदा हा भाग गाळला आहे. ऐकणाऱ्याला वाटावं की मी कागद फाडला, निघून गेलो. मी कागद फाडला नाही. हातात कागद होता, समोर माणसं होती, आणि आयुष्यभर मी दुसऱ्यांचा मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचत आलो आहे. ‘माळरानाचं एखादं गुपित निर्धास्तपणे हाती द्यावं, असा हा माणूस आहे.’ सगळ्यांत मोठी टाळी त्या वाक्याला पडली. मित्राने मान खाली घातली. लोकांना ती नम्रता वाटली.

कार्यक्रम संपल्यावर सामोसे होते. तो शाल खांद्यावर तशीच ठेवून सामोशांच्या टेबलामागच्या जिन्यात माझी वाट पाहत उभा होता. पळाला नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं.

“किती वेळा गेलात?” मी विचारलं.

“तीनच वेळा रे. दोन रविवार आणि एक ती सव्वीस जानेवारी.”

“मला का नाही सांगितलंस?”

“तू नाही म्हणाला असतास.”

“मग?”

“मग काय मग? म्हणून नाही सांगितलं ना.”

इतकं सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हतं. मी म्हटलं, “मामाला काय सांगितलंत?”

“तुझी माणसं आहोत म्हणालो. खोटं आहे का? तुझीच माणसं ना आम्ही? मामांनी भाकऱ्या केल्या सगळ्यांना. म्हणजे मामींनी.”

“गळ्याला चिमटा घेतला होतास, यार.”

“घेतला होता.” त्याने शालीची घडी उगाच सारखी केली. “हे बघ, लोकांना कळलं तर त्या जागेचं काहीतरी होईल. संरक्षण वगैरे.”

“सदर ठिकाण कोणत्याही परिस्थितीत...”

“अरे नियम मीच लिहिला ना! पाठ आहे मला.” आणि मग आवाज एकदम उतरला. “ऐक. अठरा वर्षं तुझ्या मागून चाललो. खाडीत तू, डोंगरात तू. काहीही दिसलं की तूच बोट दाखवणार, ‘ते बघ’. आणि कोर्टात दिवसभर दुसऱ्याची वाक्यं टाइप करायची. माझा म्हणून एक पक्षी नको काय रे मेल्या? एक?”

मला ते समजलं. समजलं याचाच राग आला. एखादा माणूस नुसता हरामखोर असला की काम किती सोपं होतं. मी म्हटलं, “तो तुझा नव्हता. माझाही नव्हता.”

“मग झालं तर,” तो म्हणाला. “मग रडतोस कशाला?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोनवरच्या एका ग्रुपमध्ये घेण्यात आलं. ग्रुप डिसेंबरपासून चालू होता असं दिसलं. आधीचा मजकूर अशा ग्रुपांत दिसत नाही. आपल्याला आत घेतल्यापासूनचंच जग दिसतं. माझ्या वाट्याला आलेला पहिला मजकूर होता ‘सरांचं स्वागत’ आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. दुसरा होता मे महिन्याचा बेत: पिल्लांना पाणी पाजणारा नर. असा फोटो आपल्याकडे फारच थोड्यांनी काढला आहे, तेव्हा गाड्या आत्ताच ठरवून घ्याव्यात.

मी लिहिलं की मे महिन्यात तिथे जाऊ नये, पिल्लं तहानेने मरतील. यावरही जोडलेले हात आले. मग एकाने, ज्याला मी तीन वर्षांपूर्वी ससाणा आणि घारीतला फरक शिकवला होता, विचारलं, “सर, माळ काय कुणाच्या मालकीचा असतो का?” खाली हसरा चेहरा. मी ग्रुपमधून बाहेर पडलो. तिथे तेवढंच करता येतं. बाहेर पडल्याचीही नोंद पडते, आणि तिच्याखाली लगेच कुणीतरी गाड्यांचं बोलायला लागतं.

मामाला फोन केला. माझी अपेक्षा होती की तो चिडलेला असेल. तो खुशीत होता.

“तुझी मानसं येऊन गेली की रं. लई चांगली. मला टोपी दिली.”

“मामा, मी पाठवली नव्हती.”

पलीकडे एक शेरडू ओरडत होतं. मग तो म्हणाला, “असं व्हय,” आणि फोन ठेवला.

एप्रिलमध्ये मी रजा काढून गेलो. निघायच्या आदल्या संध्याकाळी मित्राचा फोन आला. महिनाभर आम्ही बोललो नव्हतो. बातमी त्याला बायकोकडून कळली असणार, आमच्या बायकांचं बोलणं बंद झालेलं नव्हतं. त्याचा आवाज नेहमीसारखा होता.

“जातोयस म्हणे.”

“हो.”

“अरे, मंडळातले दोघं मागच्या आठवड्यात जाऊन आले. पक्षी नाहीत. एकही नाही. जागा बदलली असणार त्यांनी. पाणी तर रोज लागतं ना, म्हणजे कुठेतरी पितच असणार. मामांना माहीत असणार. आम्हाला नाही सांगणार ते आता. तू जातोच आहेस तर विचारून ठेव ना. तुला सांगतील.”

“ठेव फोन,” मी म्हटलं.

“मी फक्त विचार म्हणतोय. मे महिना तोंडावर आला रे.”

अठरा वर्षांत या माणसाचा मला कधी कंटाळा आला नव्हता. तो त्या मिनिटाला आला. रागापेक्षा ते वाईट होतं. राग निदान त्याच्याकडे तोंड करून उभा असतो.

गावी पोचलो तर मामा नेहमीसारखा होता, फक्त थोडा जास्त आदराने वागत होता. मला खाटेवर बसवून स्वतः जमिनीवर बसला. असं तो माझ्या वडिलांशी वागायचा, माझ्याशी नाही. सकाळी आम्ही खाणीवर गेलो. उतारावर, बरोबर पखुर्ड्या चालत खाली यायच्या त्या पट्ट्यावर, चार खळगे खणलेले होते. फोटोवाले त्यात बसून वर मातकट-हिरवी जाळी ओढून घेत होते, मामाने सांगितलं. पहिल्या वेळी पक्षी उतरले. दुसऱ्या वेळी दोनदा घिरट्या घालून एकच थवा उतरला. तिसऱ्या वेळी नुसते वरून गेले.

“शेरडं मागं धरा म्हनलं मला. फोटूत येत्यात म्हनं. धरली दुपारपातुर. एक शेळी पडली उनानं, पर उठली परत.” तो खळग्याच्या कडेची माती पायाने आत लोटत होता. “मी म्हनलं, भाच्याची मानसं हायती. मुंबईची हायती. शिकल्याली. कायतरी कारन आसंल.”

“तू मला फोन करायचास.”

“तुझीच मानसं, आन तुलाच काय इचारायचं?”

मी त्याला सगळं सांगितलं. मित्राबद्दल, हॉलबद्दल, मी वाचलेल्या कागदाबद्दलही. त्याने ऐकून घेतलं. मित्राला शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, “तू आनला हुतास त्याला.” आवाज चढवला नाही. शेरडांची संख्या सांगावी तसं सांगितलं.

आम्ही पाण्याकडे बघत बसलो. ऊन तापलं. दिवस दोन कासऱ्यांच्याही वर गेला. पाण्यावर चतुर उडत होते. एक टिटवी आली आणि गेली. थवा आला नाही. वरूनही गेला नाही.

मग मी विचारलं. मित्रासाठी नव्हे, हे शपथेवर सांगतो, जरी शपथांचा भाव अलीकडे उतरलेला असला. त्या जिवंत आहेत ना, एवढं मला हवं होतं.

“मग आता कुठं पितात त्या?”

मामा माझ्याकडे बघत होता. ज्या माणसाला कुठल्या शेळीने कुठल्या बांधावरचं पान खाल्लं ते तिच्या शिंकेवरून कळतं, ज्याने चाळीस वर्षं या माळावर रोजची सकाळ काढली, त्याने डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं, “कुनास ठावं. गेली आसतील कुठंतरी.”

तो खोटं बोलत होता. मला ते कळलं आणि मला कळलं हे त्यालाही कळलं. त्याने नजर काढली नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याशी खोटं बोलत होता आणि ते त्याला जड जात होतं, तरी तो पार पाडत होता, मालकाच्या दारात काम करावं तसं.

मी म्हटलं, “बरं आहे.” पुन्हा विचारलं नाही. त्याने ते ऐकलं आणि खांद्यावरचं उपरणं झटकलं, बस.

मला काय वाटलं, हे नीट मांडणं अवघड आहे. बोरिवलीला पडद्याकडे वळून पाहिलं तेव्हा फसवला गेल्याचा जो धक्का बसला, तो मोठा होता पण स्वच्छ होता. मी फसलेला आणि तो फसवणारा. इथे बाभळीखाली तसं काही विभागता येईना. ज्यांना सांगायचं नाही त्या माणसांत आता मीही होतो. आणि विचार केला तर मामाचं चुकत नव्हतं. मला ती जागा कळली असती तर मी कुणाला सांगितली नसती, याची मला खात्री आहे. पण दोन वर्षांपूर्वीही मला तेवढीच खात्री होती, आणि तेव्हाही मी एका माणसाला फक्त त्याचं दुःख हलकं व्हावं म्हणून घेऊन आलो होतो.

मित्राला संध्याकाळी मी दोन शब्दांचा निरोप पाठवला: ‘माहीत नाही.’ त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्याने लगेच उलट विचारलं, ‘खरंच?’ मी फोन बंद केला.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात चटईवर झोपलो होतो. उजाडता उजाडता जाग आली ती शेरडांच्या खुरांनी. मामा नेहमीपेक्षा बराच आधी निघत होता. खाणीची वाट घरासमोरून उजवीकडे जाते. मी डोळे उघडायच्या आत तो माझ्याशेजारी येऊन उभा राहिला.

“झोप तू,” तो म्हणाला. “दमला आसशील परवासानं.”

प्रवासाला एक दिवस उलटून गेला होता. मी हं म्हटलं आणि कुशीवर वळलो, भिंतीकडे तोंड करून. खुरं काही वेळ घोळक्यात वाजली, मग लांबत गेली. उजवीकडे गेली की डावीकडे, ते कान देऊन ऐकलं असतं तर सहज कळलं असतं. मी मामीला हाक मारून चहा मागितला, मुद्दाम मोठ्याने. तिने भांडी वाजवत चहा ठेवला.

ऊन पत्र्यावर चढलं तेव्हा मी घरात बसून चहाचा दुसरा कप पीत होतो. छपरावरून एक थवा गेला. पखुर्डीचा आवाज दोन तुकड्यांत तुटलेला, घोगरा असतो; उडताना सगळ्या एकदम बोलतात, आणि एकदा ऐकला की चुकत नाही. आवाज बऱ्यापैकी मोठा होता. म्हणजे पुष्कळ होत्या.

मामीने माझ्याकडे पाहिलं. दार उघडं होतं, दोन पावलांवर. मी कप दोन्ही हातांत धरून बसून राहिलो, आवाज पूर्ण विरेपर्यंत.